पिवळा डाग

नर्सने ताईच्या पायाच्या अंगठ्यावरची पट्टी सोडली आणि धाकटा भाऊ पुढे वाकला. कापसावर पिवळा डाग होता. ताईच्या रक्ताच्या कॅन्सरवर उपाय म्हणून त्याच्या अस्थिमज्जेतल्या पेशी तिला चढवल्यापासून नखाजवळची बुरशीची जखम पांढरीफटक, मुकाट पडून होती. आज ती लालबुंद सुजली होती. “माझंच काहीतरी बाधलं तिला,” तो पुटपुटला. डॉक्टरबाईंनी कापूस उजेडात धरला आणि त्या चक्क हसल्या. “अहो, पू आहे हा, लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा! केमोनंतर बुरशीला ओळखणारं आत कुणी उरलंच नव्हतं. तुमच्या पेशी रुजल्या आणि शत्रू ओळखून तुटून पडल्या.” ताईने कळवळून पाय मागे ओढला. जखम पहिल्यांदाच दुखत होती. मग दोघांच्या भांडणानंतरचा वर्षभराचा अबोला मोडून ती भावाला म्हणाली, “तरीच! दिसेल त्याच्याशी भांडायची खोड तुझीच.” तो ओशाळला. तिने त्याचा हात धरला. “भांड बाबा, आता माझ्यासाठी भांड.”