शुद्धलेखनाचा कागद

तपासनिसांनी बनुबाईचा कागद उचलला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मी काय सांगितलं होतं लिहायला?"

"सूर्य उगवला. पाखरे उडाली," दयाबाई म्हणाल्या. घोडेगावच्या चावडीत बायकांचा साक्षरता वर्ग त्या एकट्याच चालवत.

"आणि यांनी हे काय लिहिलंय?" तपासनिसांनी मोठ्यानं वाचलं,

"वारा पुसे लिंबाला, सावली ही कुनाची,
लावनारी गेली लेक, आता सावली उनाची."

बायकांची कुजबुज थांबली. बनुबाईची पोर गेल्या पावसाळ्यात तापानं गेली, हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. बनुबाई मान खाली घालून बोटाची शाई पदराला पुसत होती.

महिन्यापूर्वी हा वर्ग ओस पडायच्या बेतात होता. तीच ती अक्षरं गिरवून बायका विटल्या होत्या. शेवटी दयाबाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून जिनं तिनं आपल्या मनातलं लिहायचं." तेव्हापासून बाराही जणी शेणाचे हात धुऊन वेळेआधी हजर असत. बोलवायला जावं लागत नसे.

आज आठ जणी पास झाल्या तर वर्ग चालू राहणार होता. सात झाल्या होत्या. बनुबाई शेवटची.

तपासनीस माणूस वाईट नव्हता. "लढाईमुळं कागद मिळत नाही, दुसरा देता येणार नाही," कागद बनुबाईपुढं ठेवत ते म्हणाले. "हे सगळं खोडा. खाली मी सांगितलेली दोन वाक्यं लिहा. पास करतो."

बनुबाईनं टाक शाईत बुडवला, पहिल्या ओळीवर आणला आणि तिथंच धरला.

"बाई, खोडू का?"

दयाबाईंनी बाकीच्या अकरा जणींकडं पाहिलं. त्या सगळ्या त्यांच्याच तोंडाकडं बघत होत्या. खोडा, एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलाही.

"नका खोडू," त्या म्हणाल्या.

तपासनिसांनी बनुबाईपुढचा कागद ओढून घेतला. मग ओळींखाली 'नापास' लिहून सही केली. महिनाअखेर वर्ग बंद करावा लागेल, असं दयाबाईंकडं न बघताच सांगितलं आणि ते कागद गोळा करू लागले.

"सायेब," बनुबाई उठून उभी राहिली. "नापासच हाय तर माजा कागद मला द्या की."

"तसं देता येत नाही. सगळे कागद नगरला जातात. तिथं दप्तरात राहतात."

बनुबाई कागदाकडं बघत राहिली. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"जाऊ द्या मंग," ती म्हणाली. "पोरीनं नगर कदी बगितलं न्हवतं."