जांबोटीच्या थांब्यावरची भिंत

"हितं कन्नड स्टिकर लावायला कुणी सांगितलं?" मराठी मंडळाचा युवराज ओरडला.

"आणि मराठी लावायला कुणी सांगितलं?" कन्नड संघाच्या आण्णाप्पानं त्याच्यावर आवाज चढवला.

बेळगावात जांबोटीची बस जिथं थांबते, तिथली ही भिंत. तिच्यावर बोर्ड कुठल्या भाषेत लावायचा, हा वाद जुना. त्यापायी बोर्डच नव्हता. छप्पर नव्हतं, बाकही नव्हता.

शाळेत चित्रकला शिकवणारी दिव्या मागच्या आठवड्यात तिथं गोल स्टिकर घेऊन उभी राहिली. मराठीवाल्यांचे भगवे नकोत, कन्नडवाल्यांचे लाल-पिवळेही नकोत, म्हणून पांढरे.

"इथं काय हवं ते लिहा, न्हायतर चित्र काढा. भाषा कुठलीबी चालंल," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

भिंत भरत गेली. बाक, नळ, सावली. एकीनं लिहिलं, 'नवरा वेळेवर यावा.' जांबोटीच्या गुणाबाईला लिहिता येत नव्हतं. तिनं छत्री काढली, ती अळंबीसारखी दिसली.

"आक्का, अळंबी विकणार व्हय हितं?" कुणीतरी विचारलं. गुणाबाईसकट सगळे हसले.

आज मात्र कुणी हसत नव्हतं. गर्दी वाढली, मोबाईल वर झाले. दिव्या दोघांच्या मध्ये हात जोडून उभी होती.

"अहो, दोघंबी हळू बोला. पोलीस येतील."

"येऊ द्यात की! महापालिकेच्या साहेबांनाबी बोलवा!" युवराज म्हणाला.

"व्हय, मोठ्या साहेबांनाच बोलवा!" आण्णाप्पानं पाय आपटला.

"भांडा बाबांनो," गुणाबाई डोक्यावर पदर ओढत म्हणाली, "पर उन्हात उभं राहून पाय गेलं माझं. वरीस झालं आम्ही सांगतोय, एक साहेब फिरकला न्हाय."

थोड्या वेळानं पोलिसांची जीप आली. मागोमाग महापालिकेचे साहेब उतरले.

"कशावरून चाललंय हे?"

"मी शाळेत चित्रकला शिकवते, हे स्टिकर मीच वाटले. तुम्हीच वाचून बघा, साहेब," दिव्या म्हणाली.

साहेबांनी कपाळाला आठ्या घालून आधी कन्नड स्टिकर वाचले, मग मराठी. नवऱ्याच्या स्टिकरपाशी त्यांना हसू आवरेना.

"अहो, दोन्हीकडं मागणं एकच आहे. मग भांडताय कशाला?"

दोघांनीही माना खाली घातल्या.

सगळे मोबाईल आता साहेबांकडं वळले होते. त्यांनी तिथूनच इंजिनिअरला फोन लावला. "याच महिन्यात छप्पर आणि बाक. काय? बोर्ड? बोर्डावर बसचं चित्र काढू या. ह्या बाईच काढतील."

टाळ्या पडल्या. जीप गेली. बस आली, गुणाबाई हसत चढली, गर्दी पांगली.

दिव्या कोपऱ्यावरच्या गाड्यावर चहा घ्यायला गेली. पाठोपाठ युवराज आला, आण्णाप्पाही आला. ओरडून ओरडून आण्णाप्पाचा आवाज बसला होता. युवराजनं आपला गरम चहा त्याच्यापुढं सरकवला.

आण्णाप्पानं दोन घोट घेतले, घसा खाकरला आणि दिव्याकडं वळला.

"आक्का, पुढचं भांडण कुठं करायचं?"