लकी पेन

"तुझं लकी पेन राहिलं ना!" माझी सहकारी श्रुतिकाने माझ्या खणातलं पेन पुढे केलं. विमा कंपन्यांची बाजू लढवण्यात दहा वर्षं काढून मी आज हे ऑफिस सोडत होतो. सोमवारपासून अंधेरीत, मोठ्या कंपन्यांचे आपसातले दावे. तिथे मोडलेली माणसं नसतात. याच पेनाने आम्हाला लवू परबांविरुद्धची केस जिंकून दिली होती. ट्रकने उडवल्यापासून कमरेत वाकता येत नाही, असं ते उलटतपासणीत सांगत होते. मी मुद्दाम त्यांच्या पायाशी पेन पाडलं. म्हातारा वाकला. "नोंद व्हावी," मी न्यायाधीशांना म्हणालो. भरपाई निम्मी झाली. "घे ना, तिकडेही चालेल," श्रुतिका म्हणाली. माझा हात पुढे होईना. वाकताना परब कळवळले होते. तरी ते पेन सदऱ्याला पुसून, दोन्ही हातांनी मला देत म्हणाले होते, "रवांदे, साहेबानू, तुमका कित्याक तरास?"