सळई आणि सूप

लालासाहेबांनी सळईचं एक टोक कानाला लावलं, दुसरं धडधडत्या इंजिनावर टेकवलं आणि डोळे मात्र दाराकडे वळवले. दारात त्यांची बायको चंद्राबाई जोंधळे पाखडत बसली होती. सूप वरखाली होत होतं. म्हणजे इथं काही नाही. त्यांनी सळई बोटभर पुढं सरकवली.

शेडमध्ये पंधरा-वीस माणसं श्वास रोखून उभी होती. लालासाहेब इंजिन ऐकायला बसले की सांगलीत कीर्तनासारखी गर्दी व्हायची. त्यात आजची मोटारसायकल खास साताऱ्याहून आलेली. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात कुणा बागायतदारानं घेतलेली, दोन सिलिंडरची, दांडगी. गार असताना झकास पळायची आणि तापली की खंबाटकीच्या घाटात खोकत उभी राहायची. साताऱ्याचे मिस्त्री दादासो यांनी तिचं इंजिन तीनदा उघडलं होतं. चारही व्हॉल्व घासून बसवले, वर रॉकेल ओतून पाहिलं. थेंब गळला नाही. तरी घाटात रडगाणं तेच. शेवटी मानपान गुंडाळून ठेवून, गाडी ट्रकात घालून ते स्वतः सांगलीला आले होते. पन्नाशीच्या मिस्त्रीनं दुसऱ्या मिस्त्रीच्या दारात उभं राहायचं, हे सोपं नसतं.

सळई मागच्या सिलिंडरवर आली. सूप थांबलं.

"मागचा एक्झॉस्ट व्हॉल्व," लालासाहेब म्हणाले. "तापला की नळीत अडकतोय, गार झाला की सुटतोय. म्हनून तुमाला घावला न्हाई. निवू द्या आन खोला."

इंजिन निवल्यावर दादासोंनी ते आपल्याच हातानं खोललं. व्हॉल्वची दांडी फडक्यानं पुसून उजेडात धरली. एका बाजूला नखाएवढी जागा घासून चकचकीत झाली होती. तीनदा हातात घेऊनही ती त्यांना दिसली नव्हती. त्यांनी दांडी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. गर्दीत कुणीतरी "आरं बाबो!" म्हणालं.

खरी गोष्ट फक्त नवरा-बायकोला ठाऊक होती. लढाईच्या दिवसांत लालासाहेबांनी तीन वर्षं लष्करी लॉऱ्यांच्या कारखान्यात काढली आणि घरी आले ते कान गमावून. समोरून कुणी मोठ्यानं बोललं तर कळायचं. पण व्हॉल्वची बारीक फुसफुस गेली ती गेलीच. मिस्त्रीचे कान गेले असं एकदा गावात कळलं की शेडला कुलूप लागायला किती वेळ? त्या दिवशी ते चंद्राबाईपुढं ढसाढसा रडले होते. "आता तूच ऐक," म्हणाले होते. "सळई बिघाडाच्या जागी आली की सूप थांबव. फुडचं मी बघतो." दोन वर्षांत तिची एक खूण चुकली नव्हती. जी बाई जन्मात सायकलवरही बसली नाही, तिला बारा हातांवरून इंजिनाच्या पोटातलं ऐकू यावं! लालासाहेबांना तिचं नवल वाटे. नवल कसलं, धाकच वाटे. ती जेवायला वाढायची तेव्हा ते चोरून तिच्या कानांकडे बघत.

दादासोंनी पिशवीतून नारळ काढला आणि लालासाहेबांच्या पुढ्यात ठेवून खाली मांडी घातली.

"उस्ताद," ते मोठ्यानं म्हणाले, "मी आता हितनं हलत न्हाई. त्यो आवाज कसा असतोय, तेवढं मला शिकवा. आजपास्नं मी तुमचा चेला."

लालासाहेबांनी नारळाकडे पाहिलं. काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. शीळ म्हणा, फुसफुस म्हणा, गर्दीनं माना डोलावल्या असत्या. पण समोरचा माणूस त्यांच्याच वयाचा, त्यांच्याच धंद्यातला होता. तो साताऱ्याला परत जाऊन तो खोटा आवाज जन्मभर एकेका इंजिनात शोधत बसला असता. आणि खरं बोलावं, तर दिवेलागणीच्या आत मिरजेपर्यंत बोभाटा झाला असता. कमावलेलं सगळं नाव एका वाक्यात जाणार होतं.

त्यांनी नारळ उचलला. चालत दारापर्यंत गेले आणि तो चंद्राबाईच्या सुपात ठेवला. नवऱ्यानं बायकोपुढं नारळ ठेवलेला त्या शेडमधल्या कुणीच कधी पाहिला नव्हता.

"माजे कान दोन वर्षांमागंच गेल्यात," ते सगळ्यांकडे तोंड करून म्हणाले. "ऐकते ती ही. दादासो, उस्ताद हिला म्हना."

बोलून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं. भीतीही वाटली. दादासो उठून तिच्यासमोर आले आणि त्यांनी हात जोडले.

"ताई, तुमी तरी सांगा. कसा येतोय आवाज?"

चंद्राबाई लाजून लाल झाली. तिनं पदर सारखा केला, सूप बाजूला ठेवलं आणि उठून नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं. मग साऱ्या शेडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली,

"आवं, मला मेलीला काय ऐकू येतंय त्या धडधडीत! सळई खऱ्या जागी टेकली की तुमच्या पायाचा अंगठा उचलतोय. कान धड हुते तवाबी उचलायचा, आन आजबी उचलतोय. मी त्यो बघते आन सूप थांबवते."