वरच्या तीस ओळी

"कान्हा, तुझ्या बाबांनी वहीत चक्क थापा मारल्यात! एकेक तिथी दोन-दोनदा लिहिलीय," दाजी लॅपटॉपमधून डोकं वर काढून ओरडले.

माझी सटकली. खाडीचं पाणी तिथीवर चालतं, म्हणून बाबा होडीतून उतरले की वहीत तिथी लिहितात आणि समोर चिंबोऱ्या किती, कोलंबी किती ते. खाडीतली मासळी कमी झाली म्हणून उद्या भरपाईची सुनावणी आहे आणि आमच्याकडे पुरावा म्हणून ही एकच वही. दाजींचं कामच डेटाचं, म्हणून तक्ता बनवायला त्यांना दिलेली. त्यांनी 'आर' नावाच्या प्रोग्राममध्ये उभी यादी आडवी करायला घेतली आणि तेवीस सालच्या श्रावणात एरर आला. एका तिथीला दोन-दोन आकडे, त्यातला कुठला घेऊ म्हणून गाडी तिथेच अडकली.

"वरच्या तीस ओळी उडवतो, मिटला विषय," दाजी म्हणाले. "नववीत शाळा सोडलीस तू, तुला काय कळणार डेटातलं?"

"दाजी, त्या वर्षी श्रावण दोन आलेले. पहिला अधिक."

"तुला बरं आठवतं!"

"आठवणारच ना. त्याच महिन्यात तुम्ही आमच्याकडून तेहतीस अनारसे आणि चांदीचं ताट घेऊन गेलात."

दाजींनी डिलीटवरचं बोट उचललं.


"आता उडवा तुमच्या तीस ओळी, पण आधी ताट परत आणा. चला, भरती लागली, बाबा होडीत थांबलेत, मला निघायचंय."