हुबर्टसाहेबांची फाईल

श्रीनिवासरावांनी सदऱ्याच्या आतून कागद काढून कुसुमच्या हातात ठेवला. अठरा वर्षांच्या नोकरीत या माणसानं कचेरीतली टाचणीसुद्धा घरी आणली नव्हती.

"हाच का तो अर्ज?"

"हौ. उद्या फाईल नव्या साहेबाकडे जाईल. आता तिच्यात हुबर्टसाहेबांविरुद्ध काही नाही."

कुसुमला उर्दू वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याकडून ऐकलेला मजकूर पाठ होता. हा गोरा चित्रकार पुलांची नि तलावांची चित्रं काढून परदेशात पाठवतो, याला देशाबाहेर काढा. खाली सही नव्हती.

तिनं कागद चुलीत घातला आणि त्याची पुरती राख होईतो चिमटा सोडला नाही.

हुबर्टसाहेब श्रीनिवासरावांच्या हैदराबादेतल्या अंबरपेठच्या घरात मागच्या खोलीत सात वर्षं भाड्यानं राहत होते. ऑस्ट्रियातल्या कुठल्याशा गावाहून तरुणपणी ते मुंबईला सिनेमाचे सेट उभारायला आले. बांबू, गोणपाट आणि प्लॅस्टर यांतून त्यांनी राजवाडे उठवले, तुरुंग उठवले. जर्मनीशी लढाई लागली तेव्हा इंग्रजांच्या शत्रूचा माणूस म्हणून पाच वर्षं तारेच्या कुंपणात काढली. सुटल्यावर एका निर्मात्यानं हैदराबादेत बोलावलं. त्याचं दिवाळं वाजलं, साहेब मात्र इथेच राहिले. गोवळकोंड्याच्या खडकांत बसून निसर्गचित्रं काढत, कोठी बाजारातला तसबिरी मढवणारा चौकटवाला ती विके. खडक इथलेच असत, पण त्यांच्यावरचा उजेड कुसुमला नेहमी गारठलेला वाटे.

श्रावणात अर्ज आला आणि चौकशी लागली. परदेश्यांच्या नोंदी श्रीनिवासरावांच्याच टेबलावर असत, म्हणून घरात कळलं तरी. साहेबांना दोनदा बोलावणं आलं. दोन्ही वेळा त्यांनी बचावाचा एक शब्द काढला नाही. भोळा माणूस, याचं आपणच बघायला हवं, असं कुसुमनं तेव्हाच ठरवलं.

अर्ज गल्लीतल्या हिम्मतरावाचा, याची तिला खात्री होती. तो सिनेमाच्या पाट्या रंगवायचा, जळत असणार. तिनं त्याच्या बायकोला हळदीकुंकवाला बोलावणंच बंद केलं.

त्यातच भाषावार प्रांतरचनेत हैदराबाद राज्य मोडायला निघालं. मराठी कारकुनांच्या याद्या लागल्या आणि श्रीनिवासरावांच्या नावापुढे औरंगाबाद आलं. कुसुमचा जन्म इथला, लग्न इथलं. सरकारी हुकमानं माणूस मुळासकट उपटणं काय असतं, हे आता तिला कुणी सांगायला नको होतं. मग तो अर्ज फाईलीतून काढून आणा म्हणून तिनं नवऱ्याच्या मागे धोशा लावला.

"सापडलो तर नोकरी जाईल. तुरुंगसुद्धा," ते म्हणाले होते.

"आपल्याला तर जावंच लागतंय. त्यांना तरी राहू द्या."

आणि आज, ऑक्टोबरच्या शेवटच्या दुपारी, त्यांनी ते केलं होतं.

तिनं साहेबांना चहाला हाक मारली. ते ओसरीवर येऊन बसले. हातांचा रंग टर्पेंटाईननं घासून काढलेला होता, सदरा इस्त्रीचा. कुसुमला गलबलून आलं. बिचारे रोज पोलिसांची वाट बघत असतील.

तिनं हलक्या आवाजात सगळं सांगितलं. आता तुम्हाला इथून कुणी हलवणार नाही, म्हणाली.

साहेबांनी कप खाली ठेवला. "तो कागद कुठे आहे?"

"जाळला. राखसुद्धा ढवळून टाकली."

श्रीनिवासराव दारातच उभे होते.

"त्या हिम्मतरावाचंच अक्षर असणार," कुसुम म्हणाली.

"त्यांचंच." सेटवरच्या मराठी सुतारांकडून शिकलेली त्यांची भाषा आज अडखळत होती. "वहिनी, तिकडे, घरी, माझी बहीण आहे. म्हातारी, एकटी. बोटीचं भाडं मला या जन्मात जमणार नाही. बाहेर काढलेल्या माणसाला सरकार स्वतःच्या खर्चानं पोचवतं. मला उर्दू लिहिता येत नाही, म्हणून हिम्मतरावांचे पाय धरले. मजकूर मी सांगितला."