आपोआप

पडद्यावर हिरवी खूण उमटली आणि सगळं ऑफिस धाकटीच्या खुर्चीमागे जमा झालं. थोरली जागची हलली नाही.

दोघी सख्ख्या जावा, एकाच ऑफिसात. प्रोग्रामर मंडळींचं नवं काम तपासायचं आणि मुख्य मशीनवर चढवायचं, हे थोरली वर्षानुवर्षं हाताने करत आलेली. धाकटीला इथे चिकटवलं तेही तिनेच. आता त्या बयेने लिनक्सच्या मशीनवर एक सर्व्हर बसवला होता आणि तो हे सगळं आपोआप करत होता. तो चालायला आधी मशीनवर जावा नावाची प्रणाली टाकावी लागते म्हणे. त्यावर इथे दोन आहेतच की, म्हणून सगळे खिदळले. थोरलीलाही हसावं लागलं.

मनातून मात्र ती जळत होती. विभागप्रमुखाची जागा रिकामी होती, थोरलीचा तिच्यावर कधीपासून डोळा, आणि धाकटी रोज संध्याकाळी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसायची. वर पुन्हा प्रत्येक पायरीला लाडात विचारायची, "ताई, आधी चाचणी, मग जुन्याची प्रत, मग नवं चढवायचं, असंच ना तुमचं?" माहीत असून विचारते, मेली. थोरली तोंडदेखलं हो म्हणायची.

साहेब आता मोठ्या साहेबांना सर्व्हर दाखवणार होते. ते खूश झाले की प्रमुखाचं नाव पक्कं. मशीन सगळ्यांसमोर बंद करून चालू करायचं, सर्व्हर आपोआप उठायला हवा. आदल्या दिवशी धाकटी चहाला गेली तेव्हा थोरलीने तिच्या जागी बसून एकच कमांड दिली. सर्व्हर चालूच राहिला. फक्त मशीनबरोबर आपणहून उठण्याची त्याची सोय गेली. बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मशीन उठलं. सर्व्हर काही उठला नाही. मोठे साहेब घड्याळ बघत निघून गेले. कालपर्यंत उठत होता, एवढंच धाकटी पुटपुटली. थोरलीने तिच्या पाठीवर हात ठेवला, होतं असं कधीकधी, म्हणाली.

साहेब धाकटीकडे बघतही नव्हते.

"तिला काय समजावताय?" ते थोरलीला म्हणाले. "सगळी अक्कल ताईंची, मी नुसती बोटं चालवली, असं ही रोज केबिनमध्ये येऊन सांगत होती. प्रमुख म्हणून तुमचं नाव मी याच सर्व्हरच्या जोरावर पुढे केलं होतं. आता तुम्हीच सांगा, तुमचा सर्व्हर का उठला नाही?"